शून्य टक्के, चार बोटं

"शून्य टक्के म्हणाला होतास ना तू? चांगलं छातीवर हात ठेवून म्हणाला होतास! मग हे उणे आठशे पन्नास कुठून आले?"

आत्याने मोबाइल त्याच्या नाकासमोर असा धरला, की आणखी इंचभर पुढे आला असता तर नाकच चेपलं असतं. स्क्रीनवर पहिल्या आठवड्याचा हिशोब होता. तीन लॅम्पशेड विकले, त्यातला एक परत आला, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरात: उणे आठशे पन्नास.

"कमिशन शून्यच आहे," तो म्हणाला. "मी कुठे खोटं बोललो?"

"मग काय मी स्वतःच विकून स्वतःलाच दंड लावला?"

"मला काय विचारतेस? त्या कंपनीला विचार ना!"

"कंपनी माझा भाचा लागते का? तू लागतोस! तू लिहिलंस वहीत, मी बोट ठेवलं."

खरं होतं ते. दहा दिवसांपूर्वी त्यानेच वहीच्या मधल्या पानावर तीन बाजारांची नावं मांडली होती. नावं कसली, तो त्यांना रंगानेच ओळखायचा. ज्या ॲपचं चित्र निळं तो निळा बाजार, मग पिवळा, मग हिरवा. समोर आकडे. पिवळा शंभरात अठरा घेणार, हिरवा दहा घेणार आणि वर दर महिन्याला पाचशे, आणि निळा घेणार शून्य. शून्याभोवती त्याने तीनदा गोल काढला होता. पेन इतकं दाबून, की मागच्या पानावर उमटलं. नवीन विक्रेत्याला याहून काय पाहिजे? आत्याने चष्मा वर सरकवून बघितलं आणि निळ्यावर बोट ठेवलं. संपला विषय.

आता विषय सुरू झाला होता.

आत्याचं काम म्हणजे लॅम्पशेड. तार वाकवून सांगाडा करायचा, खाली एक कडं, वर एक कडं, मध्ये तीन उभे दांडे, आणि त्यावर कापड ताणून शिवायचं. बावीस वर्षं ती एका मोठ्या दिव्यांच्या दुकानाला माल देत होती. दुकान दोन महिन्यांपूर्वी बंद झालं. दुकानदाराच्या मुलांना दिवे नको होते, जागा हवी होती. तेव्हापासून खोलीत सव्वीस शेड एकावर एक चढून बसले होते. कोपऱ्यात ते तार वाकवायचं मशीन, हिरवा रंग उडालेलं, आणि आज चार वाजता एक माणूस टेम्पो घेऊन ते न्यायला येणार होता. मशीन गेलं की काम गेलं. मग आत्या कुणाच्या तरी गोदामात बारा-बारा तास उभी राहून चिकटपट्टी लावणार. तशी तिने विचारणा करूनही ठेवली होती. ऑनलाइन काही जमलं तर त्या माणसाला नाही म्हणायचं, असं ठरलं होतं. आणि जमलं काय, तर उणे आठशे पन्नास.

"चौथी ऑर्डर आलीये," आत्या म्हणाली. आता आवाज खाली आला होता, आणि तो तर जास्तच वाईट. "आज पाचच्या आत पाठवायची. नाही पाठवली तर त्याचाही दंड. पाठवली तर पदरचे घालून पाठवायची. वा रे धंदा."

"नको पाठवूस मग!" त्याने वही भिंतीवर फेकली. ती भिंतीला लागून शेडच्या ढिगावर पडली आणि वरचे दोन शेड गडगडत दारापर्यंत गेले.

या पोराचं डोकं असंच. सगळी बिल्डिंग त्याला भडक्या म्हणते ते काही उगीच नाही.

आत्या उठली. दोन्ही शेड उचलले, फुंकर मारली, जागेवर ठेवले. काहीतरी बोलायला तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. भडक्याने ते बघितलं. त्याच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. काय बोलणार होती तेही त्याला कळलं: शाळा सोडलीस तेव्हाच. एवढंच. घरातल्या प्रत्येकाने ते त्याला ऐकवलं होतं. काकाने जेवताना, मामाने फोनवर, बापाने तर येता-जाता. मीठ जास्त झालं तरी यांचं शाळेवरच यायचं. एकट्या आत्याने कधी म्हटलं नाही. वर्ष झालं. तिने फक्त पक्कड हातात दिली होती आणि म्हणाली होती, "बसून राहू नकोस, तार सरळ कर." आजसुद्धा, आठशे पन्नासचा खड्डा पडला तरी, तिने ते गिळलं.

त्यापेक्षा एक ठेवून दिली असती तर परवडलं असतं.

"आलोच," तो म्हणाला आणि चपला न घालताच जिन्याकडे गेला.

दोन मजले वर चादरवाल्या काकू राहायच्या. त्या ऑनलाइन चादरी विकायच्या, आणि त्यांची पार्सलं कायम जिन्यात. खाली जाणारा माणूस पार्सलांना वळसा घालून, कठड्याला पोट घासत जाणार. मागच्या महिन्यात भडक्याने त्यांना भर जिन्यात सुनावलं होतं, "काकू, जिना तुमच्या सासऱ्यांनी बांधलाय का?" तेव्हापासून बोलणं बंद. आता त्यांच्याच दारात अनवाणी उभं राहायचं म्हणजे... पण गेला.

काकूंनी दार उघडलं. खांद्यावर मोजपट्टी, दातात चिकटपट्टीचा तुकडा. तो तुकडा काढून त्या म्हणाल्या, "काय रे? सासऱ्यांना भेटायचंय?"

"काकू, सॉरी."

"हं?"

"जिन्याचं. सॉरी म्हणतोय."

"मोठ्याने म्हण, शेजारच्यांनापण कळू दे."

त्याचे कान तापले. पाय वळायलाही लागले होते. मग उणे आठशे पन्नास आठवले आणि पाय थांबले. तो जिन्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "सॉरी, काकू!" समोरच्या दारातून कुणीतरी डोकावलं. काकू हसल्या, बाजूला झाल्या.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर चादरी, पलंगाखाली चादरी, खुर्चीवर नवरा आणि त्याच्या मांडीवर चादरी. नवरा लेबलं चिकटवत होता, मान वर न करता. भडक्याने मोबाइल पुढे केला. काकूंनी हिशोब वरून खाली एकदा वाचला.

"खोका केवढा?"

"कसला खोका?"

"ज्यात शेड घालून पाठवलास तो."

त्याने हाताने दाखवला. काकूंनी मोजपट्टी ताणली, त्याच्या दोन हातांच्या मध्ये धरली. "चव्वेचाळीस. उंची? एकोणचाळीस. अरे देवा." त्यांनी मोबाइलवर गुणाकार केला, पाच हजाराने भागला. "तुझ्या शेडचं वजन पंधरा किलो."

"काहीतरीच काय! सहाशे ग्रॅमपण नाही. एका बोटावर उचलतो मी!"

"तू उचल रे. कुरिअरवाला बोटाने नाही तोलत. लांबी, रुंदी, उंची, भागिले पाच हजार, जे येईल ते वजन. गाडीत जागा किती खाल्ली ते बघतो तो. पंधराच्या वर थोडं, म्हणजे सोळा किलोचं भाडं. सहाशे चाळीस. तुझा शेड नऊशेला. गेला एक आणि परत आला, तर जाण्याचे सहाशे चाळीस, येण्याचेही सहाशे चाळीस. दोन विकल्याचं जे उरलं होतं ते त्यात बुडालं, आणि वर आठशे पन्नास."

"पण कमिशन शून्य..."

"असणारच शून्य. शून्याची पाटी दाराला लावतात, बाकीचं आत असतं." काकूंनी नवऱ्याच्या मांडीवरच्या चादरी उचलून पलंगावर टाकल्या आणि त्याच्या खालून एक फाइल ओढली. नवऱ्याने पहिल्यांदा मान वर केली.

"दाखवतेस?" तो म्हणाला.

"दाखवते."

"माझ्या भावाला नाही दाखवलीस."

"तुझ्या भावाने कधी सॉरी म्हटलं?"

फाइलमध्ये काकूंचे पाच वर्षांचे हिशोब होते. कुठल्या बाजाराने कशाचे किती कापले, ओळीन् ओळ. हे कोणी कोणाला दाखवत नाही. एकाच गोष्टीचे विक्रेते तर एकमेकांना वेळसुद्धा नीट सांगत नाहीत. भडक्या मांडी घालून खाली बसला.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "टक्के बघूच नकोस. एकच वस्तू घे. तिला इथून उचल, लांबच्या गिऱ्हाईकाच्या दारापर्यंत चालव, आणि रागावून परत आलेलीपण आण. वाटेत कोण कोण हात मारतो ते लिही. कमिशन. दर ऑर्डरची ठरलेली फी. पैसे गोळा करायची फी. भाडं. परतीचं भाडं कोणाच्या डोक्यावर. पैसे किती दिवसांनी येणार. मग शेवटी तुझ्या हातात काय उरलं, तो एकच आकडा तीन बाजारांत लाव. समजलं?"

"समजलं."

"समजलं म्हणू नकोस, लिही."

त्याने लिहिलं. वही खाली होती, म्हणून लेबलाच्या मागच्या बाजूवर लिहिलं. लिहिताना विचारलं, "तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

खुर्चीवरून नवरा खो-खो हसायला लागला. काकूंनी त्याला चिकटपट्टीचा रोल फेकून मारला.

"आधी मी चादरी नव्हते विकत. उशा विकायचे."

"उशा?"

"फुगलेल्या! मऊ मऊ! खोक्यात दाबल्या तर चुरगळतील म्हणून अलगद ठेवायचे. दहा महिने मी हवा पाठवत होते रे, दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या खर्चाने. दागिना गेला एक. तेव्हा कोणी असं बसवून सांगितलं असतं ना..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं आणि फाइल बंद केली. "पळ. आणि खोका लहान कर आधी."

भडक्या दारात थांबला. थँक्यू म्हणायचं होतं, पण एका सकाळी सॉरी आणि थँक्यू दोन्ही त्याच्या तोंडून निघेनात. त्याने जिन्यातली पार्सलं भिंतीकडे नीट रचली, अगदी सरळ, आणि मग तीन-तीन पायऱ्या उतरत खाली गेला.

"आत्या! खोका! सगळा घोळ खोक्यात आहे!"

आत्या परत आलेला शेड खोक्यातून काढत होती. "खोक्याला नाव ठेवू नकोस. बघ, दोन गावं फिरून आला, एक ओरखडा नाही. चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडलीये मी."

हीच ती चार बोटं. त्या दुकानदाराचा नियम होता: शेड खोक्याला कुठेही टेकता कामा नये, चारी बाजूंनी, वर-खाली, चार बोटं मोकळी हवीत. टेकला तर माल परत. बावीस वर्षं आत्याने चार बोटं ठेवून माल दिला, एकही परत आला नाही. दुकान बंद झालं तरी तिची बोटं तेवढीच जागा मोजत होती.

भडक्याने तिला सगळं सांगितलं. पंधरा किलो ऐकून ती हसली, मग हसणं थांबलं.

"म्हणजे मी चार बोटांचं भाडं भरत होते?"

"चारी बाजूंनी."

"बरं. घट्ट खोका केला तर?"

त्याने मोजलं. बत्तीस, बत्तीस, सत्तावीस. साडेपाच किलो, म्हणजे सहाचं भाडं, दोनशे ऐंशी. कापड, तार, खोका धरून शेडला तीनशे दहा लागतात. विकला गेला तर काहीतरी उरत होतं. पण तिनात एक परत आला की पुन्हा उणे तीस. हिरव्या बाजारात भाडं गिऱ्हाईक देतं, पण नऊशेच्या शेडला दोनशे ऐंशी भाडं बघून गिऱ्हाईक पळणार. त्याने लेबल तीनदा उलटंपालटं केलं. आकडा हलेना. डोकं पुन्हा तापायला लागलं.

"काही उपयोग नाही," तो म्हणाला. "शेड आतून रिकामाच असतो ना. आपण पण हवाच पाठवतोय."

आत्याने हातातला शेड उलटा करून आतून बघितला. मग तिने पक्कड उचलली आणि त्याचे तीन उभे दांडे कट, कट, कट तोडले.

"आत्या! वेड लागलं का तुला? चांगला होता तो!"

"ओरडू नकोस, शिवण मोजतेय."

दांडे निघाले तसा शेड फुस्स करून खाली बसला. वरचं कडं खालच्या कड्यावर, मध्ये कापडाच्या घड्या. भाकरीएवढा चपटा. आत्याने त्यावर तळहात ठेवून दाबलं आणि भडक्याकडे बघितलं. तिचे डोळे असे चमकलेले त्याने दुकान बंद झाल्यापासून बघितले नव्हते.

"दांडे वेगळे पाठवायचे," ती म्हणाली. "दोन्ही टोकांना तार वाकवून आकडा करायचा. गिऱ्हाईकाने कडं उचलायचं, दांडा अडकवायचा, झालं उभं."

"गिऱ्हाईकाला जमेल?"

"तुझ्या काकाला जमलं तर जगात कोणालाही जमेल. त्याच्यावरच करून बघू."

पण पहिल्यांदा आत्यालाच जमलं नाही. पकडीने वाकवलेले आकडे तीन तऱ्हेचे झाले आणि शेड असा कलंडला, जसा कोणी पिऊन खांबाला टेकलाय. भडक्या हसायला लागला, आत्याने डोळे वटारले. मग ती मशीनपाशी गेली. तार लावली, हँडल ओढलं, खट. दुसरी, खट. तिसरी. तिन्ही दांड्यांचे आकडे अगदी एकासारखे एक. अडकवले. शेड ताठ उभा राहिला. तिने टिचकी मारली, हलला नाही. भडक्याने मारली. नाही हलला.

तो शेड टेबलावर नमुना म्हणून ठेवून आत्याने ऑर्डरसाठी दुसरा तसाच केला, आणि दोघं खोका कापायला बसले. तो बत्तीस, बत्तीस, पाच झाला. भडक्याने भागाकार केला आणि कपाळावर हात मारला. "एक किलो चोवीस ग्रॅम! दोनचं भाडं लावतील!"

"किती कमी पाहिजे?"

"एक सेंटीमीटर."

"चार बोटं सोडली मी, एक सेंटीमीटर कोण विचारतो," आत्या म्हणाली आणि खोक्याची कड कापली. झाकण बंद करून ती वर बसली. अक्षरशः बसली. मावला शेड.

आता त्याने वही उचलली, नवीन पान काढलं. एक शेड, लांबचं गाव. निळा: भाडं पंच्याहत्तर, बाकीची फी पंचेचाळीस, हातात सातशे ऐंशी; पैसे सात दिवसांत, पण परत आला तर दोन्ही वेळचं भाडं आपलं. पिवळा: त्याचे अठरा टक्के आणि बाकी सगळं जाऊन सहाशे अडतीस. हिरवा: हातात सातशे नव्वद, पैसे पंधरा दिवसांनी, तुटला असेल तरच परत. महिन्याचे पाचशे आहेत, पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, नवीन विक्रेत्याला पहिले तीन महिने माफ. हे बारीक अक्षर मागच्या वेळी त्याने वाचलंच नव्हतं. या वेळी बोट फिरवत, एकेक शब्द वाचला.

"हिरव्यावर दुकान उघडायचं," आत्याने ठरवलं. "ही ऑर्डर निळ्याची आहे, ती आज पाठवू. तू तिथं खोक्याचं माप बदल. गिऱ्हाईकाला कळव, चपटा येईल, आणि कसा उभा करायचा ते चित्र काढून आत टाक. नको म्हणालं तर आत्ताच कळेल."

त्याने माप बदललं, गिऱ्हाईकाला लिहिलं. उत्तर आलं: चालेल, उलट घर बदलताना बरं. मग चित्र काढून खोक्यात टाकलं आणि टेप लावला. चित्र बरं काढतो तो. शाळेत बाकांवर काढायचा म्हणून मार खायचा.

आणि तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

मशीन न्यायला आलेला माणूस चांगला आडवा होता. खांद्यावर दोरखंड, मागे दोन हमाल. आत्या दारात उभी राहिली, पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

"दादा, मशीन द्यायचं नाहीये."

"म्हणजे काय, ताई? सकाळी तर फोनवर हो म्हणालात!"

"सकाळी हो होतं."

"आणि माझा टेम्पो? ही दोन माणसं?"

"टेम्पोचं मी देते. माझीच चूक आहे."

"चूक कसली," भडक्या मध्ये घुसला, "मशीन आमचं, मर्जी आमची—"

"तू गप्प बस." आत्याने वळूनही बघितलं नाही. "दादा, तीन महिने द्या मला. तीन महिन्यांत नाही चाललं तर मी स्वतः फोन करेन."

माणसाने खोलीत मान घालून बघितलं. मशीन, तारेचे तुकडे, आणि टेबलावर आकडे घालून उभा केलेला एक शेड. तो आत आला, शेडचे आकडे सोडले, चपटा केला. पुन्हा उभा केला. पुन्हा चपटा केला. हमाल एकमेकांकडे बघायला लागले.

"तीन महिन्यांनी हाच भाव मिळेल असं समजू नका," तो म्हणाला.

"नाही समजत."

"टेम्पोचं राहू द्या. मला याच बाजूला दुसरं काम आहे." जिन्यात तो थांबला. "आकडे आतल्या बाजूला वळवा, ताई. बाहेर ठेवलेत तर कापड फाटेल."

आत्याने शेड उचलून बघितला. खरंच होतं. ती तशीच मशीनपाशी गेली, खोक्याचा टेप फाडला, तिन्ही दांडे काढून पुन्हा वाकवले. खट, खट, खट. भडक्या बघत उभा होता. सकाळपासून किती जणांनी त्याला काय काय दिलं होतं. पाच वर्षांची फाइल, एक सेंटीमीटर, आता आतल्या बाजूचे आकडे. आणि आत्याने न म्हटलेलं ते एक वाक्य, ते सगळ्यात वर.

"आत्या," तो म्हणाला.

"काय?"

"सकाळी तू... ते बोलली नाहीस ना."

"काय नाही बोलले?"

"तेच. शाळेचं."

आत्याने खोका बंद केला, टेप ओढला, दातांनी तोडला. "तीन महिने आहेत, भडक्या. हिरव्यावर उद्या सकाळी फोटो टाकायचे. उजेड असेल तेव्हा. आणि त्या चादरवालीला संध्याकाळी चहाला बोलाव."

"थँक्यू म्हणत होतो मी."

"तिला म्हण."

"तुला म्हणतोय!"

"ओरडून म्हणतात का रे थँक्यू?" पण ती हसत होती, आणि खोका तिने त्याच्या हातात दिला. इतका हलका, की दोनदा बघावं लागलं आत काही आहे ना. त्याला अजून बरंच सांगायचं होतं. ती पहिली पक्कड तिने दिली त्या दिवसाचं, आणि तेव्हा तो चिडून तार वाकडीच करत होता, तिला दिसत असूनही ती काही म्हणाली नव्हती, त्याचं. पण पावणेपाच झालेत, कुरिअरचं शटर पाचला खाली येतं, आणि चपला कुठे आहेत कोण जाणे. त्याला आता निघायलाच हवं.